अर्ध्या केसाएवढा थर : गाडीच्या रंगाविषयी वाचकांचे प्रश्न

पुढची बहुतेक उत्तरं एकाच आकड्यावर येऊन थांबतात, म्हणून तो आधीच सांगतो. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सहसा चार थर असतात: गंजरोधक थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण अर्ध्या जाडीचा. चकाकी त्याची, अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही त्यातच, आणि आपण जे काही घासतो तेही त्यालाच. तो झिजतो, पुन्हा वाढत नाही.

प्रश्न : गाडी दोन वर्षांची, पांढरी, दिवसभर उघड्यावर असते. दर आठवड्याला स्वतः धुतो. वॅक्स, सीलंट, सिरॅमिक स्प्रे, सिरॅमिक कोटिंग, ग्राफीन यांतलं नेमकं काय घ्यावं?

सिंथेटिक सीलंट किंवा सिरॅमिक स्प्रे. कारणं सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी लेबल वाचून तुम्हालाच ठरवता येईल.

वॅक्स म्हटलं की कार्नोबाचं नाव येतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण. ते ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं, आणि जाहिरातीत हाच आकडा मिरवतात. पण शुद्ध कार्नोबा इतकं कडक आणि ठिसूळ असतं की ते पत्र्यावर पसरवताच येत नाही. डब्यात येतं ते तेलं, मऊ मेणं आणि द्रावक मिसळलेलं, आणि ते मिश्रण बरंच कमी तापमानाला मऊ पडतं. उन्हात गडद रंगाचं बॉनेट ७० अंशांच्या घरात सहज जातं. त्यामुळे उघड्यावरच्या गाडीवर वॅक्स चार ते आठ आठवडे टिकलं तर पुष्कळ झालं. वॅक्सची खरी खुबी वेगळी आहे: काळ्या, लाल, गडद निळ्या रंगाला ते एक ओलसर खोली देतं. पांढऱ्या गाडीवर तो फरक जवळपास दिसत नाही. म्हणजे मेहनत तुमची आणि दिसणार काही नाही.

सीलंट हे कृत्रिम पॉलिमर. तीन ते सहा महिने टिकतं, उष्णतेला वॅक्सपेक्षा चांगलं तोंड देतं. अट एवढीच की लावल्यावर १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. ही अट न पाळणारेच नंतर ‘दोन आठवड्यांत उडालं’ म्हणतात. सिरॅमिक स्प्रेमध्ये सिलिकाधारित रेझिन पातळ करून घातलेलं असतं. अर्ध्या बॉनेटला दोन ते तीन फवारे पुरतात. एका फडक्याने पसरायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच पुसून घ्यायचं. पट्टे उमटले तर समजा, माल जास्त झाला किंवा पत्रा गरम होता.

खरं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे ३० ते ५० मिलिलिटरच्या बाटलीत मिळणारं, एक वर्ष किंवा त्याहून जास्त काम देतं. पण त्याच्याखाली जे असेल ते तसंच बंद होऊन राहतं, ओरखडेसुद्धा. म्हणून आधी पॉलिश, मग तेल काढण्यासाठी पॅनेल वाइप, मग छपराखाली कोटिंग, असा दिवस-दीड दिवसाचा व्याप आहे. तो झेपणार असेल तरच त्याच्या वाटेला जावं. ग्राफीन हा शब्द बाटलीवर असला तरी आतला पाया बहुतेक वेळा तोच सिलिकाचा असतो. केवळ त्या शब्दासाठी जास्त मोजू नये, असं आमचं मत.

एकावर एक लावायचंच असेल तर आधी सीलंट, त्यावर वॅक्स. उलट केलं तर सीलंट रंगाला न धरता मेणाला धरतं, आणि मेणाबरोबरच निघून जातं.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी ‘९एच’ सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. ओरखडे पडणार नाहीत असं सांगितलं होतं. आता उन्हात बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. फसवणूक झाली का?

कोटिंग बहुधा खरंच असेल, खोटा होता तो दावा. ‘९एच’ हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे. ६बी या मऊ पेन्सिलीपासून ९एच या कडक पेन्सिलीपर्यंतची शिसं ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक वजनाखाली पृष्ठभागावर ओढतात आणि कोणती खूण पाडते ते बघतात. खनिजांच्या कडकपणाच्या ज्या मापपट्टीत हिरा दहाव्या क्रमांकावर असतो, तिच्याशी या ९चा काही संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं आणि त्या मापपट्टीवर ते ७ला आहे. पेन्सिलीचं शिसं त्याच्या आसपासही पोचत नाही.

शिवाय कोटिंगचा थर असतो एखाद्या मायक्रॉनचा, फार तर दोन. इतक्या पातळ थराने दगड किंवा किल्ली अडत नाही. रासायनिक मारा, पाण्याचे डाग, चिकटून बसणारी घाण आणि धुण्याची मेहनत या चार गोष्टी तो कमी करतो. हे काही थोडं काम नाही, पण चिलखत म्हणून तो विकू नये.

दगडांपासून वाचवते ती पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे सगळ्या रंगापेक्षाही जास्त. बारीक ओरखडे ऊन किंवा गरम पाण्याने भरून येतात, तेही चांगल्या प्रतीच्या फिल्मच्या वरच्या थराचे. पूर्ण गाडीला लावण्याची गरज सहसा नसते. पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे आणि मागच्या चाकांच्या पुढचा पत्रा एवढ्यावर बहुतेक मारा होतो.

आता तुमच्या जाळीकडे. ती धुताना आणि पुसताना पडलेली आहे. गाडी रोज कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने ‘साफ’ होत असेल, तर दुसरं कारण शोधायला नको.

प्रश्न : काळ्या गाडीवर उन्हात कोळिष्टकासारखे गोल ओरखडे दिसतात. कंपाउंड हाताने घासावं की मशीन घ्यावं? कोणतं कंपाउंड?

ओरखडे मुळात गोल नसतात. ते सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याभोवती जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि वर्तुळं भासतात. काळ्या रंगावर ते दिसतात, पांढऱ्यावर लपतात; पडतात दोन्हींवर सारखेच.

आधी एक परीक्षा. ओरखड्यावरून हळूच नख आडवं फिरवा. नख अडत असेल तर तो ओरखडा पॉलिशने काढायचा नाही. तो क्लिअर कोटमध्ये फार खोल गेलेला आहे, आणि तो घालवायला आजूबाजूचा सगळा थर तेवढा खाली आणावा लागेल. असा ओरखडा कडा बोथट करून फिका करावा आणि सोडून द्यावा.

कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जाड कणांचं घासायचं द्रव्य, हाताने घासू नये. बोटांचा दाब सारखा पडत नाही, चार ठिकाणी जास्त झिजतं आणि चारांत कमी, आणि काळ्यावर तो धूसर पट्टा पुढे मशीननेच काढावा लागतो. दरवाजाच्या मुठीखालचे नखांचे ओरखडे वगैरे छोटी जागा हाताने चालेल.

नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्यावं. त्यात पॅड फिरतं आणि हेलकावेही घेतं, म्हणून एका जागी उष्णता साठत नाही. पॅड नुसतं गोल फिरवणारं रोटरी मशीन काम लवकर करतं, आणि रंगही तितक्याच लवकर जाळतं. फेक म्हणजे पॅडच्या हेलकाव्याची रुंदी; १५ मिलिमीटरच्या फेकीचं मशीन बॉनेट-दरवाजांना चांगलं. अरुंद जागांना ८ मिलिमीटरचं बरं पडतं.

कंपाउंड कोणतं, याचं उत्तर तुमच्या गाडीवरच मिळतं. काही कंपन्यांचा क्लिअर कोट कडक असतो, काहींचा मऊ, आणि बाटलीवरून ते कळत नाही. बॉनेटवर साधारण ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन घ्या. गाडी धुतलेली, क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) फिरवलेली, पत्रा थंड. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश यांनी सुरुवात करा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन सगळ्यात कमी वेगावर ठेवून ते पसरवा, मग मधल्या वेगावर, हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकेल इतक्या सावकाश, आधी आडवे आणि मग उभे, एकूण चार ते सहा फेरे. दाब एवढाच की पॅड फिरत राहील. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने रेघ काढून ठेवा. ती फिरत राहिली तर दाब बरोबर आहे. रेघ थांबलेली दिसली, तर पॅडही थांबलं आहे आणि तुम्ही नुसतं थरथरतं यंत्र धरून उभे आहात.

मग तो चौकोन आयसोप्रोपिल अल्कोहोल १० ते १५ टक्क्यांपर्यंत पातळ करून पुसा. ही पायरी गाळू नका. पुष्कळ पॉलिशांत तेलं आणि भरणद्रव्यं असतात, ती ओरखड्यांत बसतात आणि सगळं गेल्यासारखं दाखवतात. दोन धुण्यांनंतर जाळी ‘परत’ येते, ती परत आलेली नसते, गेलेलीच नसते. पुसल्यावर टॉर्च मारून बघा. पुरेसं निघालं नसेल तर आधी पॅड बदला, तेच पॉलिश ठेवून. तरीही नसेल तर कंपाउंड. कंपाउंडनंतर बारीक पॉलिशचा एक हात हवाच, नाहीतर काळ्यावर धुकं राहतं.

बारीक पॉलिशच्या एका हातात जेमतेम मायक्रॉनभर जातो. कडक पॅड आणि जाड कंपाउंडने काही मायक्रॉन. सुरुवातीचा आकडा आठवा. दरवर्षी कंपाउंड मारलं तर पाच-सात वर्षांत छपरावर आणि बॉनेटवर क्लिअर कोट पांढरा पडून पापुद्रे निघू लागतात, आणि त्यावर रंग मारण्यावाचून इलाज नाही. जाडी मोजायचं गेज मिळतं, पण ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाही. कडा आणि पत्र्याच्या घड्या यांवर रंग आधीच पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावून घ्या.

८० ते ९० टक्के ओरखडे गेले की थांबावं. उरलेल्या दहांच्या मागे लागणारेच रंग फोडतात.

प्रश्न : भांडी घासायच्या लिक्विडने गाडी धुतली तर रंग खराब होतो का? शॅम्पू किती घ्यायचा?

एकदा धुतल्याने रंग जात नाही. मात्र ते लिक्विड तेलकटपणा तोडण्यासाठीच बनवलेलं असल्याने वॅक्स घेऊन जातं, आणि हातमोजा सरकण्यासाठी गाडीच्या शॅम्पूत जी बुळबुळ असते ती त्यात बेताचीच असते. बुळबुळ कमी म्हणजे वाळूचा कण दबून ओढला जातो. पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा शॅम्पू घ्या. प्रमाण बाटलीवर असतं: १:५०० लिहिलं असेल तर १० लिटर पाण्यात २० मिलिलिटर. दुप्पट घातल्याने दुप्पट स्वच्छ होत नाही, पट्टे मात्र राहतात.

शॅम्पूपेक्षा महत्त्वाच्या दोन बादल्या. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. प्रत्येक भागानंतर हातमोजा आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शॅम्पूत. वरून खाली धुवायचं. दरवाजांच्या खालच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त वाळू असते, तो भाग शेवटी आणि वेगळ्या मोज्याने. चाकांचा मोजा तर रंगाला कधीच लावू नये.

पाण्याची टंचाई असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी न ओतता नुसतं पुसून घ्यायचं द्रावण, उत्तम. १:२५६ या प्रमाणाचं असेल तर १० लिटरला ४० मिलिलिटर. धुळीच्या गाडीला ते चालतं, चिखलाच्या गाडीला नाही.

सुकवायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल, ५०० जीएसएमच्या (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) वरचा. तो पत्र्यावर पसरून ठेवायचा आणि उचलायचा किंवा हलकेच ओढायचा, घासायचा नाही. वॅक्स-पॉलिश पुसायला ३०० ते ४०० जीएसएम पुरे. ही फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातलात तर तंतूंवर थर बसून ती पाणी ओढेनाशी होतात. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय गाडीला लावू नका, नुसतं झटकून भागत नाही.

प्रश्न : पक्ष्यांची विष्ठा आणि पाण्याचे पांढरे डाग निघत नाहीत. कोणतं पॉलिश वापरावं?

पॉलिश शेवटी. दोन्ही डाग वेगळे आहेत.

विष्ठा उन्हात वाळताना आकसते, त्याच वेळी तापलेला क्लिअर कोट मऊ आणि फुगलेला असतो. संध्याकाळी तो थंड होताना तिच्याभोवती तसाच आकार घेतो. त्यात आम्लाची भर. म्हणून काही तासांत काढणं हाच खरा उपाय. सुकलेली असेल तर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवून भिजू द्या आणि उचलून घ्या. तिच्यात वाळूचे कण असतात, घासलं तर डागाच्या जागी ओरखडा येतो. खाली पुसट ठसा राहिला तर कधीकधी गाडी उन्हात तापल्यावर तो थोडा भरून येतो. नाही आला तर बारीक पॉलिश.

पाण्याचे डाग म्हणजे जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, थंड पत्र्यावर ओलं फडकं मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर ते राहू देऊ नका. डाग गेला तर तो वरचा क्षार होता. कडा तशाच दिसत राहिल्या तर क्षाराने क्लिअर कोट खाल्लेला आहे, आणि मग वर सांगितलेली चौकोनाची पद्धत. उन्हात गाडी धुणं हे या डागांचं सगळ्यात मोठं कारण.

प्रश्न : क्ले बार दर महिन्याला करावा का?

नाही. धुतलेल्या ओल्या पत्र्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. खरखर लागली तरच क्ले. वर्षातून एक-दोनदा, आणि पॉलिश किंवा कोटिंगच्या आधी.

क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर मारला तर निम्मं काम तिथेच होतं. ब्रेकच्या धुळीतले लोखंडी कण रंगात रुततात. रिमूव्हरमधलं थायोग्लायकोलेट त्यांच्याशी संयोग पावून जांभळं होतं. केस कुरळे करण्याच्या लोशनमध्येही याच घराण्यातलं रसायन असतं, म्हणून तो वास ओळखीचा वाटतो. सावलीत, थंड पत्र्यावर, तीन ते पाच मिनिटं. वाळू द्यायचं नाही. हातमोजे घाला. डांबराचे ठिपके मात्र याने निघत नाहीत, त्यांना टार रिमूव्हरच लागतो.

क्ले चालवताना वंगण भरपूर हवं. क्ले जमिनीवर पडला की फेकून द्यावा, कितीही नवा असला तरी. मऊ काळ्या रंगावर क्लेचे स्वतःचे बारीक ओरखडे उमटतात, म्हणून नंतर हलक्या पॉलिशची तयारी ठेवा.

प्रश्न : कोटिंगवर पूर्वी पाण्याचे मोती व्हायचे, आता पाणी पसरतं. कोटिंग संपलं?

बऱ्याचदा नाही. वर धूळ, तेलकटपणा आणि क्षार यांचा थर साचलेला असतो आणि पाणी त्यालाच भिजवतं. आधी नीट शॅम्पू, मग आयर्न रिमूव्हर, मग क्षार काढणारा सौम्य आम्लधर्मी शॅम्पू. मोती परत आले तर कोटिंग जिवंत आहे, त्यावर सिरॅमिक स्प्रेचा एक हात द्या. छप्पर, बॉनेट आणि दारं वेगवेगळी तपासा, कारण आडव्या पत्र्यांवरचं कोटिंग आधी जातं. मोती झाले म्हणजे संरक्षण पक्कं, असंही नाही: नुकत्याच मारलेल्या स्वस्त सिलिकॉन स्प्रेवरही आठवडाभर सुरेख मोती होतात.

प्रश्न : अपघातानंतर दरवाजा नव्याने रंगवला. वॅक्स कधी लावू?

रंगवणाऱ्याला विचारा, कारण ते रंगाच्या प्रकारावर आणि भट्टीवर अवलंबून आहे. सर्वसाधारणपणे ३० ते ९० दिवस. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून नव्या गाडीला थांबावं लागत नाही. दुरुस्तीचा रंग ६० अंशांच्या आसपास सुकवतात, त्यातले द्रावक नंतरही हळूहळू बाहेर पडत असतात. वर सीलंटचं झाकण बसलं तर ते अडकतात आणि रंग मऊ किंवा निस्तेज राहतो. तोवर पाणी आणि सौम्य शॅम्पू.

प्रश्न : मॅट रंगाच्या गाडीसाठी कोणतं वॅक्स?

कोणतंच नाही. पॉलिश, क्ले, चकाकी देणारं वॅक्स, सगळं वर्ज्य. मॅटपणा हा पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणातून येतो. घासलात तर तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. ‘मॅटसाठी’ असं स्पष्ट लिहिलेला शॅम्पू आणि सीलंट, एवढंच.

प्रश्न : वॅक्स करताना काळ्या प्लास्टिकला पांढरे डाग पडले.

पॅनेल वाइप किंवा पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावून पुसा. पॉलिशची भुकटी खाचांत बसली असेल तर कोमट शॅम्पूचं पाणी आणि तोच ब्रश. पुढच्या वेळी टेप.

प्रश्न : दगड लागून बॉनेटवर टाचणीच्या डोक्याएवढे टवके उडाले आहेत. कोटिंगने भरतील?

भरणार नाहीत. आधी टवका भरा, मग कोटिंग. गाडीच्या पट्टीवर, बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली, रंगाचा कोड असतो. त्याच कोडचा टच-अप रंग घ्या. अल्कोहोलने जागा पुसा, गंज दिसत असेल तर तो खरवडून प्रायमरचा ठिपका द्या. रंग बाटलीच्या ब्रशने नको, तो जाड लागतो. टूथपिकच्या टोकाने, दोन-तीन पातळ ठिपके, प्रत्येकात तासाभराचं अंतर. मग क्लिअरचा ठिपका, तो आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वर राहील इतका. सुकताना तो खाली बसतो, म्हणून आठवडाभर हात लावू नका.